ग्यानोबाच्या राजकन्येची डुलकी

"उठलं की लगेच चालू न्हाई. आधी भवती बघावं."

राजकन्या, नावच तिचं ते, हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणायची. बापाला म्हणायची, घाईनं जिना उतरणाऱ्या पोरांना म्हणायची, आणि वीज आल्याबरोबर खुर्च्या ओढून बसणाऱ्या टाइपिंगच्या बायांनाही म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, हे म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. बोलणारी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. आणि हे वाक्य तिनं कुणाकडून ऐकलेलं नव्हतं. ते तिच्या घरात घडलं होतं.

तिचं गाव निलंगा तालुक्यातलं. किल्लारीचा भूकंप झाला त्या साली ती दहावी पास झालेली होती. घर गेलं, आई गेली. बाप ग्यानोबा माळवदाच्या मातीखालून जिवंत निघाला, पण डोक्याला दगड लागलेला. सोलापूरच्या दवाखान्यात अकरा दिवस तो बेशुद्ध पडून होता. बाराव्या दिवशी डोळे उघडले आणि त्यानं पहिला प्रश्न केला, बैलांना पाणी दाखवलं का. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, स्मरण शाबूत आहे.

शाबूत होतंच. तीच तर अडचण होती. महिन्याभरानं त्याला पत्र्याच्या शेडमध्ये आणलं. दुपारी जाग आली, तहान लागली, तसा तो बाजेवरून उठला आणि भराभर चालू लागला. सात पावलं सरळ, मग उजव्या हाताला वळण, तिथं रांजण. जुन्या घरात रांजण तिथंच होता. इथं पाचव्याच पावलावर पत्रा होता. टाके उसवले. ग्यानोबाला एकही गोष्ट चुकीची आठवत नव्हती. पावलं बरोबर, वळण बरोबर. तो निजला होता तेवढ्यात जग हललं होतं, आणि त्याच्या डोक्यातलं घर मात्र उभंच होतं.

असं तीनदा झालं. मग राजकन्या बाजेपाशी बसली आणि लेकराला शिकवावं तसं तिनं बापाला शिकवलं. उठ, पण पाय टाकू नको. पत्र्याला हात लाव. दार कुठंय ते बघ. मग चाल. ग्यानोबा शिकला. तिचं वाक्य तेव्हाचं.

बारावी झाल्यावर ती बापाला घेऊन लातूरला आली. लातूरला त्या वर्षांत पोरांचं पीक आलं होतं. माळ्यामाळ्यावर होस्टेल, गल्लीगल्लीत मेस, आणि चौकाचौकात बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो. सायकली एवढ्या की रस्ता ओलांडायला माणसाला वाट बघावी लागे. अवधूत सरांचा क्लास त्यातलाच एक. बारावी सायन्स, एक शाखा लातूरला, एक नांदेडला. दर रविवारी दोन्ही गावांत एकाच घटकेला एकच पेपर. ते पेपर लातूरच्या एका खोलीत आठ कॉम्प्युटरवर टाइप व्हायचे, आणि त्या खोलीचा जिम्मा राजकन्येकडं होता.

वीज दिवसातून सहा तास जायची. कधी सांगून, कधी न सांगता. आठ कॉम्प्युटरना मिळून एक यूपीएस होता. त्याच्या बॅटऱ्या थकल्या होत्या. वीज गेली की तो अर्धं मिनिट ओरडायचा आणि मग त्याच्यासकट सगळं काळं व्हायचं. कॉम्प्युटरला स्वतःची झोप असते. डोक्यात आहे ते सगळं डिस्कवर लिहून ठेवायचं आणि बंद व्हायचं, वीज आली की ते सगळं परत वाचून जिथं होतं तिथून पुढं चालायचं. पण त्या झोपेला दीड मिनिट लागायचं. दीड मिनिटाची झोप आणि अर्ध्या मिनिटाची बॅटरी. उष्णतेच्या प्रकरणाचा एकच पेपर राजकन्येनं एका दिवसात तीनदा टाइप केला, तेव्हा तिला राग आला. रडू आलं नाही, राग आला. हा फरक पुढं उपयोगी पडला.

तिथं आधी गणिताचे एक मास्तर होते. समीकरणं नीट छापता यावीत म्हणून त्यांनी एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी आणून खोलीतल्या सगळ्या कॉम्प्युटरवर चढवली होती. त्या सीडीतली, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली उघडी होती. तिच्या पोटात काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, कुणीही बदलावं, फक्त बदललेलं पुन्हा उघडं ठेवावं, अशी तिची अट. मास्तर गेले, सीडी राहिली. राजकन्येनं ती झोप कुठं लिहिलीय ते शोधलं आणि वाचायला बसली. शेजारी डिक्शनरी, हातात शाळेची वही. तीन वर्षं गेली. अशी विद्या मोठ्या शहरात मोठ्या इमारतींत शिकवतात म्हणे. राजकन्येला ती कुणी शिकवली नाही. वीज गेली की ती वही घेऊन खिडकीशी जायची, आणि वीज रोज जायचीच.

तिसऱ्या वर्षी तिला जे दिसलं ते असं. कॉम्प्युटरच्या डोक्यात जे असतं त्यातलं निम्म्याहून जास्त डिस्कवर आधीच असतं. ती नुसती नक्कल. ती पुन्हा कशाला लिहायची? घर पडताना कुणी विहिरीतलं पाणी उचलून पळत नाही. उरलं त्यातलंही बरंच तासभर बदललेलं नसतं. मग टाइप करणारी बाई जरा थांबली, चष्मा पुसू लागली, की तेवढ्या फुरसतीत ते थोडं थोडं बाजूला नेऊन ठेवावं. वीज जाईल तेव्हा उचलायला राहील फक्त शेवटची मूठ. आणि जाग येताना सगळं गाठोडं सोडेपर्यंत माणसाला ताटकळत ठेवू नये. हातातलं पान आधी द्यावं, बाकीचं मागून येत राहावं.

तिनं तसं लिहिलं. कॉम्प्युटर अकरा सेकंदांत निजायला लागले. वीज आली की ज्या अक्षरापाशी बाईचं बोट थांबलं होतं त्याच अक्षरापाशी रेघ लुकलुकायची. क्लासचे शिपाई शेषेराव, पन्नाशी ओलांडलेले, ते बघून म्हणाले, ही काय झोप न्हाई, ही डुलकी हाय. नाव तेच पडलं. अवधूत सरांनी आठही कॉम्प्युटरवर डुलकी बसवायला तोंडानंच परवानगी दिली आणि पालकांना खोली दाखवायला आणू लागले.

एक माणूस मात्र हसला. राघवेंद्र मूळचा उदगीरचा, हैदराबादला इंजिनिअर झालेला. क्लासला कॉम्प्युटर तोच पुरवायचा. तो म्हणाला, हा नुसता जुगाड, बाहेरच्या देशात शेकडो माणसं या एका कामावर बसलीत, आणि तुम्ही खिळा ठोकून गाडी चालवून राहिल्या. राजकन्येनं विचारलं, त्या देशात दिवसाला किती तास वीज जाते. तो म्हणाला, जात नाही. "मग त्यांना घाई न्हाई," राजकन्या म्हणाली, आणि टाइप करू लागली.

आता क्लासची एक रीत सांगितली पाहिजे. पेपरांच्या फायली ज्या वेगळ्या डिस्कवर असत ती डिस्क खणासारखी ओढून काढता यायची. छपाई संगप्पाच्या प्रेसमध्ये. प्रेस एमआयडीसीत, तिथं वीज टिकायची. इकडं वीज गेली आणि पेपर तर छापायचाय, अशा वेळी शेषेराव ती डिस्क ओढत, रुमालात गुंडाळत, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालत आणि सायकलवर टांग मारत. संगप्पाच्या कॉम्प्युटरला डिस्क लावून मास्तर तिथंच दुरुस्त्या करत. सात वर्षं असंच चालत होतं. त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, राजकन्येलाही नाही.

दोन हजार पाचच्या ऑगस्टात एका शुक्रवारी दुपारी वीज गेली. कॉम्प्युटरनी डुलकी घेतली. शेषेरावांनी डिस्क नेली. रसायनशास्त्राच्या मास्तरांनी प्रेसमध्ये बसून सतरा प्रश्न बदलले. संगप्पानं लातूरपुरता पेपर छापला, तो चोख निघाला. शेषेरावांनी डिस्क आणून खणात सरकवली आणि ते चहाला गेले. मग वीज आली.

कॉम्प्युटर जागा झाला. कोणतं पान डिस्कवर कुठं आहे याची दुपारची यादी त्याच्या डोक्यात होती. एकही ओळ तो विसरला नव्हता. बाईनं सवयीनं फाइल सेव्ह केली आणि त्यानं हातातलं सगळं आपल्या आठवणीतल्या जागांवर नेऊन लिहिलं. प्रेसमधल्या दुरुस्त्यांनंतर त्या जागांवर आता दुसरंच काही होतं. संध्याकाळी तीच फाइल नांदेडला पाठवली गेली. लातूरची छपाई चांगली निघालेली, म्हणून ती उघडून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही.

रविवारी नांदेडला उमरी-धर्माबादहून पॅसेंजरनं आलेली पोरं पेपर घेऊन बसली. अकरावा प्रश्न अर्ध्यात तुटला होता. त्याच्याखाली होस्टेलच्या मेसचा आठवड्याचा फळा होता, सोमवारी वरण, मंगळवारी पिठलं. त्याखाली मागच्या महिन्याच्या जीवशास्त्राची उत्तरं. चारशे पोरं हसली. पालक हसले नाहीत.

सोमवारी अवधूत सरांनी राजकन्येला केबिनमध्ये बोलावलं. राघवेंद्र बसला होता. शेषेराव दाराशी उभे होते. सरांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला आणि सही कर म्हणाले. राजकन्येनं तो दोनदा वाचला. लिहिलं होतं की मी परवानगीशिवाय बसवलेल्या जुगाडामुळे हा प्रकार घडला, तो जुगाड मी काढून टाकत आहे.

"परवानगी तुमीच दिली होती, सर," ती म्हणाली.

"मग चूक कुणाची? माझी?"

"चूक माझी हाय. पण ह्या कागदात लिवलीय ती न्हाई."

राघवेंद्र मध्ये पडला. त्याचं म्हणणं सरळ होतं. एकतर ही डुलकी काढून मोठा यूपीएस घ्या, नाहीतर डिस्कच्या खणाला कुलूप लावा, किल्ली सरांकडं. शेषेराव तिकडून हळूच म्हणाले की डिस्क आपण ओढली, दोष आपल्याला द्या, पोरीला देऊ नका. सरांना कुलपाची गोष्ट पटली. ते शेषेरावांकडं वळून म्हणाले, उद्यापासून त्या खणाला हात लावायचा नाही.

राजकन्या खुर्चीवरून उठली. "शेषेरावमामांना कुलूप लावू नका, सर. वीज जिथं असंल तिथं माणूस जाणार. लातुरात जाईल, नांदेडात जाईल, कुठंबी जाईल. माणसाला बांधून यंत्र शहाणं होत न्हाई. माझ्या डुलकीत अक्कल कमी पडली. ती मी घालते."

सरांनी कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, शनिवारपर्यंत. शनिवारी दुपारी सगळ्या मास्तरांसमोर राघवेंद्र हवी तशी परीक्षा घेईल. टिकली तर कागद फाडू. नाही टिकली तर सही, डुलकी पुसायची, आणि तूही जायचं.

मंगळवार, बुधवार तिनं वहीत मान घालून काढले. यंत्र निजलेलं असताना डिस्कला कुणी हात लावू नये, याची तोड ती शोधत होती. म्हणजे तीही कुलूपच शोधत होती, फक्त अक्षरांचं. गुरुवारी दुपारी ती जेवायला खोलीवर गेली. भाकरी थापता थापता तिचं लक्ष बापाकडं गेलं. ग्यानोबा बाजेवर उठून बसला. बारा वर्षं झाली होती, लातूरची ही खोलीही आता सहा वर्षांची जुनी. तरी त्यानं आधी भिंतीला हात लावला. दाराकडं बघितलं. मग पाय खाली टाकला.

राजकन्येच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

सोलापूरचा डॉक्टर जे चुकला होता तेच ती चुकली होती. जागं झालेलं स्मरण शाबूत आहे का, एवढंच तिनं हजार वेळा तपासलं होतं. निजलो ती जागा तशीच आहे का, हे यंत्रानं कधी विचारलंच नव्हतं, कारण तिनं त्याला विचारायला लावलं नव्हतं. बापाला शिकवलेलं तिनं यंत्राला शिकवलं नव्हतं.

"काय झालं गं?" ग्यानोबानं विचारलं.

"काही न्हाई, आबा. तुमी पाणी प्या."

ती न जेवता परत गेली. पुढचं काम तीन वर्षांच्या मानानं थोडं होतं. निजताना यंत्रानं डिस्कवर शेवटचं कधी आणि काय लिहिलं याचा एक ठसा घ्यायचा आणि स्वतःपाशी ठेवायचा. जाग आली की पहिलं काम, डिस्ककडं बघून ठसा जुळतो का ते पाहणं. जुळला, तर गुमान पुढं चालावं. नाही जुळला, तर डिस्कबद्दल जे जे आठवतं ते सगळं टाकून द्यावं आणि डिस्क नव्यानं वाचावी. पण बाईच्या हातातलं, तिनं टाइप केलेलं आणि अजून कुठं न लिहिलेलं, ते टाकू नये. ते वेगळ्या फायलीत ठेवावं आणि माणसाला विचारावं. आठवण टाकायची, कष्ट टाकायचे नाहीत. हा एवढाच भेद, आणि तो नीट लिहायला तिला शुक्रवारची रात्र धरून दीड दिवस लागला.

शनिवारी दुपारी खोलीत माणूस मावेना. मास्तर, टाइपिंगच्या बाया, प्रेस बंद करून आलेला संगप्पा. राघवेंद्रनं एका बाईला वीस ओळी टाइप करायला लावल्या, मधेच भिंतीवरचं बटण पाडलं. यूपीएस ओरडला. कॉम्प्युटर निजले. त्यानं डिस्क ओढली, आपल्या कॉम्प्युटरला लावली, दोन फायली बदलल्या, एक पुसली, एक नवीन टाकली. दया दाखवली नाही, आणि राजकन्येला तेच हवं होतं. डिस्क परत खणात गेली. बटण वर झालं.

यंत्र जागं झालं आणि थांबलं. नेहमीच्या नऊ सेकंदांची वीस झाली, पंचवीस झाली. अवधूत सरांनी खिशातून तो घडी केलेला कागद काढला. तेवढ्यात पडद्यावर ओळ आली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण त्या काळ्या पडद्याला आपली अक्षरं येत नव्हती. मी निजले तेव्हा डिस्क अशी नव्हती. तुमच्या वीस ओळी वेगळ्या ठेवल्या आहेत. डिस्क पुन्हा बघून घेतली.

राघवेंद्रनं एकेक फाइल उघडली. त्यानं बदललेलं बदललेलंच होतं. पुसलेलं पुसलेलं होतं. बाईच्या वीस ओळी वेगळ्या फायलीत, अर्ध्या शब्दासकट जशाच्या तशा. त्यानं पुन्हा तीच परीक्षा घेतली, या खेपेला दुसऱ्याच कॉम्प्युटरची डिस्क आणून लावली. यंत्रानं तीही ओळखली, ही माझी नाही म्हणून सांगितलं. राघवेंद्रनं खुर्ची मागं सरकवली.

"त्या दिवशी मी जुगाड म्हणालो होतो," तो म्हणाला. "शब्द मागं घेतो, मॅडम."

सरांनी कागद फाडला. सगळ्यांसाठी चहा सांगितला. आणि चहा यायच्या आधीच दुसरा कागद काढला. हाही टाइप केलेला. त्यात असं होतं की हे तंत्र क्लासच्या मालकीचं आहे, त्याला क्लासचं नाव राहील, राजकन्या ते बाहेर कुणाला दाखवणार नाही, आणि तिला टाइपिंगच्या खोलीची मुख्य करण्यात येत आहे. सर आनंदानं बोलत होते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण तिला काही देत आहोत.

राजकन्येनं हाही कागद दोनदा वाचला. "मी त्या सीडीवाल्यांच्या उघड्या घरातनं घेतलं, सर. माझं अर्धंच हाय, अर्धं त्यांचं. त्यांनी दार लावलं न्हाई. मी कसं लावू?"

"त्यांना कोण सांगायला जातंय?"

"मी. सकाळी सायबर कॅफेतनं सगळं पाठवून आले. मेसच्या फळ्याची गोष्टबी लिवली, म्हंजे दुसऱ्या कुणाची तशी फजिती व्हायला नको."

एक बाई मेसचा फळा ऐकून हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. सर म्हणाले की सही नसेल तर या क्लासमध्ये जागा नाही, आणि डुलकीही नाही. राघवेंद्रला म्हणाले, आत्ताच्या आत्ता आठही कॉम्प्युटरवरून पुसून टाक.

"पुसा," राजकन्या म्हणाली. "तुमच्या आठ कॉम्प्युटरवरनं जाईल. जगातनं न्हाई जायची आता."

तिनं टेबलाच्या खणातली वही घेतली, डिक्शनरी घेतली, चपला घातल्या. ती जिना उतरून औसा रोडच्या उन्हात आली. समोरून दुपारच्या बॅचची पोरं सायकलींवर येत होती, शेदोनशे तरी असतील. तिनं त्यांच्यासाठी रस्ता सोडला नाही. पोरंच दोन बाजूंना झाली आणि ती मधून बस स्टँडकडल्या आपल्या खोलीच्या दिशेनं चालत गेली, सरळ, एका चालीनं.

वरच्या खिडकीत शेषेराव उभे होते, हातात परीक्षेसाठी ओढून काढलेली डिस्क आणि रुमाल. त्यांच्या खांद्याशी संगप्पा. सर तिसऱ्यांदा सांगत होते, पुसायला घे. राघवेंद्रनं काहीच न पुसता कीबोर्ड बाजूला सारला होता, आणि तोही उठून खिडकीशी आला होता.